आकाशवीर इंद्रलाल रॉय

ह्या स्मरणिकेच्या पानांतून चरित्रलेख देण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यास अनुसरून आजवर ज्यांची चरित्रे वाचकांच्या हाती दिली गेली ते बहुतेक सारे पुरुष परिपक्व वयाचे होते. कोणी ग्रंथ लिहिले, कोणी शाळा काढल्या, कोणी पेढ्या उभारल्या. त्यांच्या कार्याचा हिशेब तपांनीच मांडावा लागतो. ह्या वर्षी आम्ही ज्याची जीवनकथा सांगणार आहोत त्याच्या कार्याचा हिशेब अवघ्या दोन आठवड्यांचा आहे, आणि त्याचे सारे आयुष्य विशीच्या आतच संपले. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता, आपल्या प्रांताचाही नव्हता. तथापि ज्या कुटुंबांत वयात आलेला मुलगा एखादा धाडसाचा मार्ग निवडतो आणि आईबापांच्या पोटात गोळा उठतो, अशा प्रत्येक कुटुंबास त्याची कथा आपलीच वाटेल असा आमचा विश्वास आहे.

इंद्रलाल रॉय हे नाव बंगालात अपरिचित नाही. कलकत्त्याच्या भवानीपूर भागातील एक रस्ता त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि १९९८ साली त्याच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय डाकखात्याने त्याचे तिकीटही काढले. महाराष्ट्रात मात्र पहिल्या महायुद्धात एका हिंदी तरुणाने लढाऊ विमानातून शत्रूची दहा विमाने आपल्या नावावर लावली, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटते. पुढील मजकुरात आम्ही त्याचा उल्लेख एकवचनी करणार आहोत. त्यात अनादर नाही. एकोणीस वर्षांच्या मुलास घरात जसे हाकारतात तसेच आम्हांस त्यास हाकारावेसे वाटते. त्याच्या घरचे त्यास लाडाने 'लॅडी' म्हणत.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यास झाला. घराणे मूळचे पूर्व बंगालातील बारिसाल जिल्ह्यातले, लाखुटियाच्या जमीनदारांचे. वडील प्यारेलाल रॉय हे बॅरिस्टर. आई ललिता ही सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती ह्यांची कन्या. पाश्चात्त्य वैद्यक शिकून नावारूपास आलेल्या पहिल्या हिंदी डॉक्टरांत ह्या चक्रवर्तींची गणना होते. १९०१ च्या सुमारास मुलांच्या शिक्षणाकरिता ललिताबाई मुलांसह लंडनला जाऊन राहिल्या. तेथे त्या केवळ घर सांभाळीत बसल्या नाहीत. इंग्लंडातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीशी त्यांनी संबंध जोडला, आणि १७ जून १९११ रोजी लंडनच्या रस्त्यांवरून स्त्रियांची जी प्रचंड मिरवणूक निघाली तीत हिंदी स्त्रियांच्या पथकात त्या सामील झाल्या होत्या. आईचा हा करारीपणा मुलांत उतरला असल्यास नवल नाही. थोरला मुलगा परेशलाल महायुद्धात इंग्रजी तोफखान्याच्या एका प्रसिद्ध पलटणीत साधा शिपाई म्हणून गेला, व पुढे हिंदुस्थानात मुष्टियुद्धाचा खेळ रुजविणारा म्हणून त्याने कीर्ती मिळविली.

इंद्रलाल लंडनच्या सेंट पॉल शाळेत शिकत असता ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. तो तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. पुढील तीन वर्षांत त्याच्या शाळेतून वरच्या वर्गातील मुले एकामागून एक रणांगणावर गेली, आणि मृतांच्या याद्या येऊ लागल्या. एप्रिल १९१७ मध्ये, अठरा वर्षे पुरी होऊन जेमतेम पाच महिने लोटतात तोच, इंद्रलालने रॉयल फ्लाइंग कोअर ह्या विमानदळात प्रवेश मिळविला.

येथे थोडे थांबून त्या प्रवेशाचे महत्त्व सांगणे आम्हांस अवश्य वाटते. १९१४ च्या शरद ऋतूपासून हिंदी सैन्य फ्रान्सच्या भूमीवर लढत होते. आपल्या खडकीच्या सॅपर्स आणि मायनर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल ह्या गावी शीख पलटणीबरोबर संगिनी चढवून घुसल्या व अतोनात हानी सोसून परतल्या. हजारो हिंदी जवान तेथे मरण पावले. परंतु हिंदी माणसाने मरावे, अधिकार मात्र चालवू नये, असा त्या काळचा न्याय होता. सुभेदार-जमादार ह्या पदांपलीकडे लढाऊ सैन्यात त्यास वाट नव्हती. राजाच्या सहीची खरी सनद, जिच्या बळावर इंग्रज शिपायासही हुकूम देता येतो, ती त्यास मिळत नसे. हा निर्बंध उठविण्याची घोषणा ऑगस्ट १९१७ मध्ये झाली, आणि तीही प्रथम केवळ मूठभर व्यक्तींपुरती. इंद्रलाल सेकंड लेफ्टनंट झाला तो ५ जुलै १९१७ रोजी, म्हणजे त्या घोषणेच्याही आधी. विमानदळास वैमानिकांची निकड होती. मरणाऱ्यांची संख्या इतकी मोठी होती की वर्णाचा विचार बाजूस ठेवणे भाग पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तरी ती वाटही सहज उघडली नाही. ऑक्सफर्डला शिकणारे रावळपिंडीचे सरदार हरदित सिंग मलिक ह्यांनी ह्याच दळाकडे अर्ज केला तेव्हा त्यांस यंत्रकारागिराची जागा देऊ करण्यात आली. त्यांच्या अध्यापकांनी वरिष्ठांस पत्र घालून, हा मुलगा फ्रेंच विमानदळात जाण्यास सिद्ध आहे हे कळविले, तेव्हा कोठे सनद मिळाली. इंद्रलालपुढे आडवी आली ती त्याची दृष्टी. वैद्यकीय तपासणीत डोळे अधू ठरवून त्यास परत पाठविण्यात आले. असे सांगतात की त्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून लंडनच्या एका नामवंत नेत्रवैद्याकडून पुन्हा तपासणी करविली, आणि अनुकूल दाखला घेऊन तो परत त्याच दारात उभा राहिला. अठरा वर्षांच्या मुलाचे मोटारसायकलवर किती प्रेम असते हे ज्यांच्या घरी असा मुलगा आहे त्यांस सांगण्याची गरज नाही.

प्रशिक्षण चार महिन्यांत उरकले. ३० ऑक्टोबर १९१७ रोजी त्याची फ्रान्समधील ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये नेमणूक झाली. हे स्क्वाड्रन त्या काळी नामांकित, निवडक वैमानिकांचे. त्याची विमाने होती एस. ई. ५ ए जातीची, आणि इंद्रलालचे पुढील सारे यश व अखेरचा अंतही ह्याच जातीच्या विमानात घडल्यामुळे त्या यंत्राविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत.

एस. ई. ५ ए हे फार्नबरो येथील सरकारी कारखान्यात कल्पिलेले, एका माणसाने चालविण्याचे, दुहेरी पंखांचे लढाऊ विमान. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेले व रोगण दिलेले कापड, आणि सारे जखडून ठेवणाऱ्या तारा. पंखांचा विस्तार सुमारे आठ मीटर. पुढे चौकोनी रेडिएटर आणि पाण्याने थंड होणारे आठ सिलिंडरांचे इंजिन; त्याची शक्ती सुमारे दोनशे अश्वांची. वेग ताशी दोनशे वीस किलोमीटरांच्या घरात, आणि पाच हजार मीटर उंचीपर्यंत चढण्याची ताकद. त्याचा पहिला नमुना नोव्हेंबर १९१६ मध्ये उडाला, आणि दोनच महिन्यांनी तशाच एका नमुन्याचे पंख हवेत मोडून फ्रँक गुडन हा त्याच्या निर्मात्यांपैकी एक वैमानिक प्राणास मुकला. मग पंख बळकट करण्यात आले. पुढे हे यंत्र सुरात मारताना एवढे भक्कम ठरले की वैमानिकांचा त्यावर विशेष भरवसा बसला. त्या काळची इतर काही विमाने गिरकी घेण्यात अधिक चपळ होती; एस. ई. ५ ए चे सामर्थ्य वेगात, उंचीत आणि स्थिरपणात. नेमबाजास हे स्थैर्य मोलाचे.

त्यावर दोन मशिनगना असत. एक व्हिकर्स, जी फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेमक्या क्षणी गोळी सोडी. त्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारी एक कल्पक यंत्रणा कॉन्स्टंटिनेस्को नावाच्या रुमानियन संशोधकाने शोधली होती. दुसरी लुईस, वरच्या पंखावर बसविलेली. तिची तबकडी रिकामी झाली म्हणजे वैमानिकाने वाकड्या रुळावरून बंदूक मागे ओढून आपल्या डोक्यावर आणावी, विमानाचा दांडा गुडघ्यांत धरावा, उघड्या वाऱ्यात हात वर करून रिकामी तबकडी काढावी आणि सत्त्याण्णव गोळ्यांची नवी चढवावी, असा प्रकार! कडाक्याच्या थंडीत, जाड मोजे घालून, मागे शत्रू असताना. बैठक उघडी, प्राणवायूची सोय नाही, आणि ज्याचा उल्लेख विशेष केला पाहिजे ते म्हणजे, हवाई छत्री नाही. इंग्रज वैमानिकांस ती युद्ध संपेपर्यंत देण्यात आली नाही. जर्मनांनी १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांस ती देण्यास प्रारंभ केला होता. विमानास आग लागली तर उपाय नव्हता, आणि कापड व रोगण ह्यांस आग लागण्यास वेळ लागत नसे.

अशा यंत्रावर स्वार होऊन इंद्रलालने काही पराक्रम गाजविण्यापूर्वीच त्याजवर संकट कोसळले. ६ डिसेंबर १९१७ रोजी विमान उतरविताना ते आपटले व तो जखमी झाला. ह्या अपघाताविषयी एक आख्यायिका पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. ती अशी की त्यास मृत समजून शवागारात ठेवण्यात आले, शुद्धीवर येताच त्याने आतून दारावर धडका मारल्या, आणि पहारेकरी भुताच्या भीतीने दार उघडीना. गोष्ट रंजक आहे. मुलांना सांगण्याजोगी आहे. परंतु ज्या चरित्रास सत्याचेच बळ पुरेसे आहे त्यास असल्या ठिगळांची आवश्यकता आहे असे आम्हांस वाटत नाही. घडले ते एवढेच की विमान मोडले, माणूस जखमी झाला, आणि त्याच्या तुकडीचा प्रमुख कॅप्टन रिचर्ड मेबरी ह्याने त्यास अधिक शिक्षणासाठी इंग्लंडास परत पाठविले. पुढे त्यास उड्डाणास अपात्र ठरविण्यात आले. ह्या मेबरीचाही त्याच महिन्यात, १९ डिसेंबरला, आकाशातच अंत झाला.

आता ह्या मुलाच्या मनःस्थितीचा विचार करा. मोठ्या खटपटीने मिळविलेली जागा पाच-सहा आठवड्यांत हातची गेली. शत्रूचे एकही विमान पाडलेले नाही. ज्या स्क्वाड्रनमध्ये निवडक वीर होते तेथून तो शिकाऊ ठरून परतला, आणि हिंदी माणूस अधिकाराच्या जागी चालत नाही असे म्हणणाऱ्यांस आयते निमित्त मिळाले. घरी परत जाण्यास ह्याहून सबळ कारण कोणते? कोणी नाव ठेवले नसते. जखमी झालेला मुलगा जिवंत परत आला ह्यातच आईने देव पाण्यातून काढले असते.

इंद्रलाल परतला नाही. दृष्टीच्या वेळी केले तेच त्याने पुन्हा केले. नकार अखेरचा मानला नाही. उड्डाण बंद, म्हणून त्यास साधनसामग्रीच्या खात्यात काम देण्यात आले. ते त्याने केले. फावल्या वेळात तो चित्रे काढी. विमानांची, झुंजींची, वळणाऱ्या आणि कोसळणाऱ्या यंत्रांची ती रेखाटने आजही उपलब्ध आहेत. ती पाहणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट येते. ही नुसती हौशी चित्रकला नव्हे. कोणते विमान कोणत्या कोनातून कसे दिसते, त्याच्या शेपटीची ठेवण कशी, पंखांची टोके कशी, हे काढणाऱ्याने अभ्यासिले आहे. आकाशयुद्धात शत्रू ओळखण्यास क्षणभरापेक्षा अधिक अवधी मिळत नाही. जमिनीवर अडकलेल्या ह्या मुलाने तो क्षणभर कागदावर पुनःपुन्हा जगून पाहिला असावा, असे आम्हांस वाटते. त्याच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग जुलैतील चकमकींचा नाही. डिसेंबर ते जून ह्या सहा महिन्यांचा आहे.

दरम्यान १ एप्रिल १९१८ रोजी विमानदळाचे रूपांतर होऊन रॉयल एअर फोर्स अस्तित्वात आले होते. अखेर इंद्रलाल वैद्यकीय दृष्ट्या पुन्हा पात्र ठरला, आणि जूनमध्ये त्यास ४० व्या स्क्वाड्रनमध्ये धाडण्यात आले. ह्या स्क्वाड्रनचा तळ उत्तर फ्रान्समध्ये होता. विमाने तीच, एस. ई. ५ ए. स्क्वाड्रनवर नुकताच आघात झाला होता. त्याचा प्रमुख मेजर रॉडरिक डॅलस हा ऑस्ट्रेलियन वीर १ जूनला धारातीर्थी पडला होता. इंद्रलालच्या भाग्याने त्यास तुकडीप्रमुख लाभला तो कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय. हा आयर्लंडचा, तिशीच्याही आतला, आणि त्या वेळच्या अत्यंत कुशल वैमानिकांपैकी एक. त्याने ह्या हिंदी मुलास आपल्या पंखाखाली घेतले. गुरू मिळणे हे सर्वच विद्यांत दुर्लभ, मग ह्या प्राणघातक विद्येत तर काय सांगावे!

६ जुलै १९१८ रोजी द्रोकूर गावाच्या परिसरात इंद्रलालने जर्मनांचे एक हॅनोव्हर विमान खाली लोळविले. हॅनोव्हर हे दोन माणसांचे विमान. मागे बसलेल्या गोलंदाजास मोकळा मारा करता यावा म्हणून त्याची शेपटी मुद्दाम आखूड, दुहेरी पात्यांची केलेली असे, आणि आकाराने ते इतके आटोपशीर की दुरून पुष्कळांस ते एकट्याचे लढाऊ विमान भासे. त्यास तसे समजून मागून जाणारा थेट गोलंदाजाच्या तोंडी पडे. आकार ओळखण्याचा अभ्यास किती कामी येतो ते येथे दिसते.

दोन दिवसांनी, ८ जुलैला, चार तासांच्या अवधीत त्याने तीन विमानांवर विजय मिळविला. दोन हॅनोव्हर आणि एक फोकर डी ७. हे फोकर जर्मनांचे त्या काळचे सर्वोत्कृष्ट लढाऊ विमान. उंचावर त्याची पकड सुटत नसे, आणि नवशिक्या वैमानिकासही ते चांगला हात देई. १३ जुलैला आणखी दोन, एक हॅनोव्हर व एक फाल्झ. १५ जुलैला दोन फोकर. १८ ला एक डी. एफ. डब्ल्यू., आणि १९ जुलैला कान्यिकूरवर शेवटचे हॅनोव्हर. एकूण दहा, आणि अवधी चौदा दिवसांचा.

ह्या आकड्याविषयी वाचकांस भ्रम राहू नये म्हणून स्पष्ट सांगतो. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीत शत्रूचे विमान फुटले वा जळाले तर ते नष्ट म्हणून गणले जाई, आणि ताबा सुटून गरगरत खाली जाताना दिसले तरीही विजय धरला जाई; अशी काही विमाने खाली जाऊन सावरतही असत. इंद्रलालच्या दहांपैकी पाच पहिल्या प्रकारची, पाच दुसऱ्या. दोन विजयांत मॅकेलरॉयचा, आणि त्यांपैकी एकात गिल्बर्ट स्ट्रेंज नावाच्या आणखी एका सहकाऱ्याचाही वाटा होता. पुढे मिळालेल्या सन्मानपत्रात तेरा दिवसांत नऊ विमाने असा हिशेब आहे. नऊ म्हणा, दहा म्हणा. एकंदर एकशे सत्तर तासांच्या आसपास उड्डाणाचा अनुभव असलेल्या मुलाने हे केले. पाच विजय मिळविणारास वैमानिकांच्या परिभाषेत 'एस' म्हणतात. पहिल्या महायुद्धात ही पदवी लाभलेला हिंदी वैमानिक हा एकच.

२२ जुलै १९१८, सोमवार. इंद्रलाल बी १८० क्रमांकाचे एस. ई. ५ ए घेऊन निघाला होता. लांस शहराच्या ईशान्येस कार्व्हँ नावाचे गाव आहे. ते तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते. त्या गावावर जर्मनांच्या २९ व्या लढाऊ तुकडीच्या फोकर डी ७ विमानांशी गाठ पडली. झुंजीत बी १८० ने पेट घेतला आणि ते जळत खाली गेले. हवाई छत्री नव्हती हे वर सांगितलेच आहे. त्या दिवशी इंद्रलालचे वय एकोणीस वर्षे, सात महिने, वीस दिवस होते.

त्या पंधरवड्यात त्या आकाशात काय चालले होते ह्याची कल्पना यावी म्हणून एवढेच नमूद करतो. त्याच ४० व्या स्क्वाड्रनमध्ये पूर्वी ज्याने नाव कमाविले तो एडवर्ड मॅनक हा इंग्रजांचा अग्रगण्य वैमानिक चार दिवसांनी, २६ जुलैला, जळत्या विमानात गेला. आणि ३१ जुलैला कॅप्टन मॅकेलरॉयही परत आला नाही. शिष्यामागून नऊ दिवसांत गुरू.

सप्टेंबर १९१८ मध्ये इंद्रलालला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हा सन्मान मरणोत्तर जाहीर झाला. हा सन्मान मिळविणारा तो पहिला हिंदी. नोव्हेंबरात युद्ध संपले. दोन मुलगे रणांगणावर धाडणाऱ्या ललिताबाईंच्या घरी एकच परतला.

आणखी एका दंतकथेचा समाचार घेणे प्राप्त आहे. जर्मनांचा विख्यात वीर मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन, ज्यास लाल विमानामुळे 'रेड बॅरन' म्हणत, त्याने इंद्रलालच्या पतनस्थानी आकाशातून पुष्पचक्र टाकले, असे कोठे कोठे लिहिलेले आढळते. रिश्टहोफेन २१ एप्रिल १९१८ रोजीच मारला गेला होता. जुलैत पुष्पचक्र टाकण्यास तो नव्हता. शत्रूनेही मान तुकविली म्हणजेच आपला माणूस मोठा ठरतो, ही समजूत आपण केव्हा सोडणार कोण जाणे.

इंद्रलालबरोबर त्या दळात प्रवेश मिळविलेले आणखी तीन हिंदी वैमानिक प्रसिद्ध आहेत. सरदार मलिक फेट्यावर बसेल असे मोठे शिरस्त्राण करवून सॉपविथ कॅमल विमान चालवीत. ऑक्टोबर १९१७ मध्ये पायात गोळी घेऊनही ते वाचले, पुढे सनदी सेवेत गेले, कॅनडात भारताचे हायकमिशनर व नंतर फ्रान्समध्ये राजदूत झाले, आणि १९८५ पर्यंत जगले. एरल चंदर सेन सप्टेंबर १९१७ मध्ये शत्रूच्या हाती सापडून युद्धकैदी झाले. चौथे आपल्या मुंबईचे, श्रीकृष्ण वेलिणकर. मराठी वाचकांपैकी किती जणांस हे नाव ठाऊक असेल? केंब्रिजला शिकलेले वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन जातीचे लढाऊ विमान चालवीत. २७ जून १९१८ रोजी ते गस्तीवर गेले व परतले नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती पडले आणि ३० जूनला त्यांचे देहावसान झाले. जर्मनांनी त्यांस रीतसर पुरले, परंतु खुणेवरील नाव इतके अपभ्रष्ट लिहिले की थडगे कोणाचे हे युद्धानंतर शोध करूनच निश्चित करावे लागले. म्हणजे इंद्रलालच्या पहिल्या विजयाच्या अवघ्या सहा दिवस आधी मुंबईचा हा वैमानिक त्याच फ्रान्समध्ये गतप्राण झाला होता. वेलिणकरांच्या नावावर विजयांची यादी नाही, तिकीट नाही. पण लाकडाच्या आणि कापडाच्या त्या यंत्रात बसताना दोघांनी पत्करलेला धोका एकच होता.

एवढे रक्त सांडूनही हवाई दलाचे दार हिंदी तरुणांस उघडे झाले नाही. युद्ध संपताच निकड संपली, आणि निकड संपताच जुना नियम परत आला. क्रॅनवेल येथील विद्यालयात हिंदी तरुणांची पहिली तुकडी घेतली गेली ती १९३० साली. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची कायद्याने स्थापना झाली, आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस, जी त्या वेळी मुंबई इलाख्यातच होती, त्याचे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले; चार वापिटी विमाने, तीही इंग्रजांनी वापरून जुनी झालेली. त्या पहिल्या मूठभर वैमानिकांत इंद्रलालचे नात्याने भाचे लागणारे सुब्रतो मुखर्जी होते. मामा गेला तेव्हा ते सात वर्षांचे होते. १ एप्रिल १९५४ रोजी तेच भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

इंद्रलालचे दफन जर्मनांच्या ताब्यातील त्या प्रदेशातच झाले. आमच्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांची मुले आज युरोपात शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आहेत, आणि आईवडीलही त्यांजकडे जातात येतात. पॅरिसहून उत्तरेस निघाल्यास प्रथम आम्यां शहर लागते. त्याच्या आग्नेयेस हांगार नावाचे खेडे आहे, आणि तेथील युद्धस्मशानात श्रीकृष्ण वेलिणकरांचा दगड आहे. तसेच पुढे उत्तरेस लांसपर्यंत गेल्यास त्याच्या पलीकडे एस्तेव्हेल हे गाव येते. गावच्या साध्या दफनभूमीत युद्धातील थोडीशीच थडगी आहेत. त्यांत एका दगडावर बंगाली अक्षरे कोरलेली दिसतील. तोच दगड इंद्रलालचा.